बर्फाच्या काठाकाठाने

बर्नाबी, कॅनडा, १९ ऑक्टोबर

श्री. चारुदत्त लिमये यांस,
सविनय जयभीम.

मी हर्षवर्धन मेश्राम, गौरांगीचा नवरा. आपली भेट एकदाच झाली, तुमच्या पुण्याच्या घरी, आणि ती चहा येण्याआधीच संपली. त्याला नऊ वर्षं झाली. ते उकरून काढायला हे पत्र लिहीत नाही. माझी सगळी पत्रं जयभीमने सुरू होतात, तसं हेही केलं आहे. तुम्हाला खटकलं तर पुढच्या ओळीपासून वाचा.

गौरांगी अंटार्क्टिकाला गेली आहे. निघताना तिने बॅगची चेन लावता लावता मला सांगितलं, "मी कुठे आहे ते बाबांना कळायला हवं. आईला सांगितलं तर ती निम्मं विसरेल आणि उरलेल्या निम्म्याने घाबरेल. तू लिही. कागदावर लिही, फोन ते उचलणार नाहीत."

म्हणून हा कागद.

इथल्या डोंगरावरच्या विद्यापीठात ती पेंग्विनांवर काम करते, हे आईंकडून तुमच्या कानावर असेलच. आई तिच्याशी फोनवर बोलतात तेव्हा तुम्ही गॅलरीत जाता, पण गॅलरीचं दार लावत नाही, असं आईच म्हणाल्या. गौरांगी इथून ऑस्ट्रेलियाखालच्या होबार्ट बंदरात गेली आणि तिथून सात जणांच्या तुकडीबरोबर जहाजाने दक्षिणेला. एका बेटावर लाकडी खोपट्यात मुक्काम आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जहाज त्यांना आणायला जाईल. फोन लागत नाही. दोन-चार दिवसांनी उपग्रहावरून चार ओळींचा निरोप येतो, तेवढाच.

ऊर्मी, आमची मुलगी, सात वर्षांची आहे. मम्मी तिथे नेमकं काय करते, हे तिला समजावण्यासाठी मी परवा जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरली. म्हटलं, हा समुद्रावरचा बर्फ. हिवाळ्यात तो असा पसरत जातो, उन्हाळ्यात असा आक्रसतो. चादरीच्या कडेला तिच्या खेळण्यातला पेंग्विन ठेवला. खाणं या काठाशी असतं. बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतं, ते खायला क्रिल नावाचे बारीक जीव येतात. आमच्या नागपूरच्या घरी सुकट असायची, तसे. तुमच्या घरी नसणार. बर्फ सरकला की क्रिल सरकतात, आणि क्रिल सरकले की पेंग्विन.

ऊर्मी म्हणाली, "सो मम्मीज पेंग्विन्स जस्ट फॉलो द ग्रोसरी?"

मला तरी याहून नीट सांगता आलं नसतं.

तिकडचे अ‍ॅडेली जातीचे पेंग्विन हिवाळाभर नेमके कुठे असतात, हे कळावं म्हणून त्यांच्या पायात अंगठीएवढं यंत्र अडकवतात. ते फक्त उजेड मोजतं. दिवस किती मोठा होता यावरून पेंग्विन किती दक्षिणेला होता ते निघतं, आणि दुपार कधी झाली यावरून पूर्व-पश्चिम. पुढच्या वर्षी यंत्र काढून घेतलं की वर्षाच्या प्रत्येक दिवशी पक्षी कुठे होता, ते घरबसल्या कळतं.

उत्तराची अपेक्षा नाही. काम सांगितलं होतं, ते केलं.

आपला,
हर्षवर्धन मेश्राम


बर्नाबी, ९ नोव्हेंबर

श्री. लिमये यांस,
सविनय जयभीम.

खरं तर एकच पत्र लिहायचं होतं. पण आई म्हणाल्या, पहिलं पत्र तुम्ही वाचलंत, घडी घातलीत, पुन्हा उघडून वाचलंत. मग म्हटलं, आणखी एक लिहायला काय हरकत आहे.

तिकडचे पेंग्विन आले. आधी नर येतात, बर्फावरून चालत. गौरांगीचा निरोप असा: "आले. ओळीने आले. दमले की पोटावर झोपून घसरतात. घरटं म्हणजे नुसती खड्यांची रास. शेजारच्याचे खडे चोरतात आणि पकडले गेले की दुसरीकडे बघतात."

यंदा बेटाभोवतीचा बर्फ फार रुंद आहे. किनाऱ्याला धरून गोठलेला, हलायचं नाव नाही. त्यामुळे मोकळं पाणी लांब आहे. अंडी घातली की मादी आधी खायला जाते आणि नर उपाशी बसून राहतो. ती परत आली की तो जातो. ज्या पाण्यात पोहून चटकन पोचले असते, तिथे आता चालत जायचं. त्यांची चाल म्हणजे आपल्या पहिलीतल्या पोरांची, दप्तर घेऊन. गौरांगीला काळजी आहे की जाणारा वेळेत परतला नाही तर बसलेला कितीसा तग धरेल.

इकडे पाऊस सुरू झाला आहे, तो आता मार्चपर्यंत. मी ऊर्मीच्या वेण्या घालायला शिकलो. पहिल्या दिवशी ती आरशात बघून म्हणाली, "इट्स ओके, डॅडी. आय विल वेअर अ हॅट." आता टोपी लागत नाही. ऑफिसातून निघायचं, स्कायट्रेनने शाळेजवळच्या स्टेशनला उतरायचं, तिला घ्यायचं, घरी येऊन खिचडी. शनिवारी ग्रोसरी. गौरांगी असते तेव्हा आम्ही घाईत असतो. ती नसताना आम्ही दोघं बरेच निवांत झालो आहोत, हे तिला कळवू नका.

कळवणार नाही म्हणा तुम्ही.

आपला,
हर्षवर्धन


बर्नाबी, ७ डिसेंबर

आदरणीय लिमये काका,
जयभीम.

तुमचं पत्र आलं. पाकीट बघून मी लिफ्टमध्येच उघडलं. आत एक ओळ, वर नाव नाही, खाली सही नाही:

"विषुवदिनाच्या आसपास पृथ्वीवर सर्वत्र दिवस आणि रात्र सारखीच असतात, त्या आठवड्यांत अक्षांश कसा काढतात?"

मी ती ओळ लिफ्टमध्ये वाचली, घरात वाचली, आणि मग खुर्चीत बसून खूप हसलो. मी संगणकवाला. वर्षाच्या प्रत्येक दिवशी पेंग्विन कुठे होता ते कळतं, असं मी ठोकून दिलं होतं. उभं आयुष्य वेधशाळेत काढलेल्या माणसाला असलं लिहून पाठवायचं म्हणजे धाडसच. तुम्ही नऊ वर्षं गप्प राहिलात, पण चुकीचं वाक्य मात्र तुम्हाला सोडवलं नाही.

मी तुमचा प्रश्न जसाच्या तसा गौरांगीला पाठवला. "तुझ्या बाबांनी विचारलं आहे," एवढंच वर जोडलं. तिचे निरोप एरवी दोन-चार दिवसांनी येतात. हा तासाभरात आला:

"खरंच बाबांनी? प्रश्न बरोबर आहे. मार्च आणि सप्टेंबरमधले काही आठवडे आम्ही कोरेच सोडतो. फार तर आधीची आणि नंतरची जागा धरून अंदाज बांधतो. तेवढे दिवस आमचा पेंग्विन नकाशावर कुठेच नसतो. बाबांना सांग. लगेच सांग."

सांगितलं.

पुढे तिने आणखी एक निरोप पाठवला. गेल्या वर्षी पायात यंत्र अडकवलेली एक मादी परत आली आहे. यंत्र काढून बघितलं. उन्हाळा संपल्यावर ती बर्फाबरोबर पश्चिमेकडे वाहत गेली आणि मग काठ जसा उत्तरेला सरकला, तशी तीही उत्तरेला. भर हिवाळ्यात बेटावर सूर्य उगवतच नाही. ती मात्र नेहमी इतक्या उत्तरेला राहिली की दुपारी थोडा तरी संधिप्रकाश असावा. पेंग्विन डोळ्यांनी बघून शिकार करतात, म्हणून अगदी काळोखात उपाशी मरतील. बर्फ हवा, पण उजेडही हवा. वसंतात पुन्हा दक्षिणेला, त्याच बेटावर, त्याच खड्यांच्या राशीकडे.

ही चांगली बातमी. वाईट बातमी अशी की बर्फ अजून फुटलेला नाही आणि बरीच घरटी मोडली. एका नराने वाट पाहून पाहून अंडी सोडली आणि तो पाण्याच्या दिशेने चालू लागला. अर्ध्या वाटेत त्याची मादी त्याला भेटली. दोघं थोडा वेळ एकमेकांसमोर उभे राहिले आणि मग दोघंही परत घरट्याकडे आले. तोवर स्कुआ पक्ष्यांनी अंडी नेली होती. गौरांगीने लिहिलं आहे, "मी त्या दिवशी जेवले नाही. मूर्खपणा आहे, पण नाही जेवले."

काल सहा डिसेंबर. आमच्या असोसिएशनचा अभिवादनाचा कार्यक्रम होता. ऊर्मीने पुढे जाऊन पंचशील म्हटलं, एका ठिकाणी अडखळली, पण थांबली नाही. तिथल्या बायकांनी विचारलं, मम्मी कुठे? ती म्हणाली, "शी इज काउंटिंग बेबीज." मग मला सगळ्यांना समजावत बसावं लागलं.

तुमच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघतो. चुकीची वाक्यं माझ्याकडे पुष्कळ आहेत.

आपला,
हर्षवर्धन


बर्नाबी, ११ जानेवारी

आदरणीय काका,
जयभीम.

तुमचं दुसरं पत्र चांगलं पानभर आलं. त्यात सहा प्रश्न होते आणि सगळे वाऱ्याबद्दल. "मुलगी कशी आहे" हा सातवा तुम्ही लिहिला नाहीत, पण मी त्याचं उत्तर आधी देतो. गौरांगी मजेत आहे.

बर्फ फुटला! नाताळच्या सुमारास दक्षिणेकडून जोराचं वादळ आलं आणि किनाऱ्याला चिकटलेला तो सगळा पट्टा मोठमोठे तुकडे होऊन समुद्रात वाहून गेला. एका दिवसात बेटाच्या पायथ्याशी निळं पाणी. पेंग्विन कड्यावर गर्दी करून खाली बघत उभे होते, म्हणते. आधी कोणी उडी मारेना. मग एकाला धक्का लागला आणि पाठोपाठ सगळे.

आता आई-बाप सकाळी पाण्यात उतरतात आणि क्रिलने पोट भरून परत येतात. पिल्लं वाचली ती थोडी, पण जी आहेत ती गोल गरगरीत झाली आहेत. गौरांगीच्या अभ्यासाचा मुद्दाच हा. बर्फ नसेल तर हे पक्षी जगणार नाहीत. पण बर्फ वेळेवर बाजूला झाला नाही तरी त्यांची पिल्लं जगत नाहीत. लोकांना एका वाक्यातलं उत्तर हवं असतं, ते तिच्याकडे नाही. तुमच्या पावसाच्या अंदाजांचंही असंच असायचं ना? ती सांगते, तिच्या लहानपणी तुम्ही रेडिओवरच्या बातम्यांवर चिडायचात. "असं म्हणालोच नव्हतो आम्ही!"

तुमच्या सहा प्रश्नांची तिची उत्तरं सोबतच्या कागदावर उतरवली आहेत. हल्ली तिचे निरोप फार तुटक असतात, म्हणून उत्तरं लहान आहेत. कामाची गडबड आहे, दुसरं काही नाही.

इकडे एकदाच बर्फ पडला. सगळं बर्नाबी ठप्प. विंटर टायर्स न लावलेल्या गाड्या उतारावर आडव्या. ऊर्मीने आणि मी कॉन्डोच्या इमारतीपुढची वाट फावड्याने शोव्हल केली, म्हणजे मी केली आणि ती त्यावरून पोटावर घसरली.

आपला,
हर्षवर्धन


बर्नाबी, १५ फेब्रुवारी

आदरणीय बाबा,
जयभीम.

फोनवर मी तुमच्याशी धड बोललो नाही, म्हणून लिहितो. एक गोष्ट मी लपवली होती, ती तुम्हाला आता ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. जानेवारीच्या सुरुवातीला गौरांगी कड्यावरून उतरताना घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. तुकडीतल्या डॉक्टरने नीट बांधलं. ती डाव्या हाताने निरोप टाइप करत होती, म्हणून ते तुटक. "आईबाबांना सांगू नकोस," हे तिचं वाक्य. "मजेत आहे," हे माझं. तेव्हा दोन्ही योग्य वाटली.

मग जहाज अडकलं. पश्चिमेकडून मोकळा बर्फ वाहत आला आणि बेटासमोरची खाडी भरली. जहाज बाहेर उभं. गौरांगीचा निरोप: "आम्ही ठीक. खाणं भरपूर आहे. पेंग्विन खूश आहेत, त्यांना पिसं टाकायला तरंगता बर्फच लागतो, तेवढे दिवस त्यांना पाण्यात उतरता येत नाही. आमच्या दारात त्यांचं घर आलंय." ती चेष्टा करत होती. मला चेष्टा सुचत नव्हती. ऊर्मीसमोर मी हसत होतो आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. दोघांनाही दुसऱ्याचं हसणं खोटं आहे हे कळत होतं.

अशा संध्याकाळी, पोळ्या लाटत असताना, फोन वाजला. पुण्याचा नंबर. मला वाटलं आई, त्यांना जहाजाचं कळवलं होतं.

"जयभीम. लिमये बोलतोय."

बाबा, माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. तो आवाज तुम्ही ऐकलात आणि विचारलंत, "काय पडलं?" मी म्हणालो, "काही नाही." माझे पहिले दोन शब्द ते.

तुम्ही म्हणालात, "मी चित्रं बघतोय उपग्रहाची. रोज बघतोय. आता वारा किनाऱ्याकडे दाबतोय म्हणून बर्फ हलत नाही. पण पश्चिमेकडून कमी दाबाचं क्षेत्र येतंय. ते पुढे सरकलं की वारा फिरेल, दक्षिणेकडून लागेल, बर्फ बाहेर ढकलला जाईल. तीन-चार दिवस. तुम्ही घाबरू नका."

तुम्ही विचारलंत, "ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"तिचे निरोप तुटक का आहेत? खरं सांगा."

मग मी मनगटाचं सांगितलं. तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "लहानपणी सायकलवरून पडली होती, तेव्हाही आठवडाभर सांगितलं नव्हतं हिने."

तेवढ्यात ऊर्मी येऊन उभी राहिली. "हू इज इट?" मी म्हटलं, तुझे आजोबा. तिने फोन घेतला आणि सरळ विचारलं, "आर यू द विंड गाय?"

तुम्ही हसलात. मला पलीकडून ऐकू आलं. त्यानंतर रोज, तुमच्या सकाळी आणि आमच्या संध्याकाळी, तुम्ही तिला वाऱ्याची दिशा सांगितलीत आणि तिने टेबलावरच्या चादरीवर पेन्सिलने बाण काढले. ती इंग्रजीत विचारायची, तुम्ही मराठीत सांगायचात, कोणाचं काही अडलं नाही. तिसऱ्या दिवशी तुमचा वारा आला नाही, तेव्हा ती तुमच्यावर चिडली. "आजोबा, यू प्रॉमिस्ड!" तुम्ही म्हणालात, "प्रॉमिस नाही गं, अंदाज." चौथ्याही दिवशी नाही. पाचव्या दिवशी आला.

काल जहाज खाडीत शिरलं. सगळे चढले. ऊर्मी चादर धुवू देत नाही.

तुम्ही पहिल्या फोनच्या शेवटी काहीतरी बोलायला सुरुवात केली होती. "त्या दिवशी तुम्ही घरी आला होतात, तेव्हा मी..." आणि थांबलात. मी मध्येच म्हणालो, पोळी करपतेय. खरंच करपत होती. पण ते वाक्य पुरं झालं नाही तरी मला चालेल, हेही खरं. फोन करायला तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मला समजतं.

तुमचा,
हर्षवर्धन


बर्नाबी, २२ मार्च

तीर्थरूप बाबांना,
जयभीम आणि नमस्कार.

आता रोज फोन होतात, तेव्हा पत्राची गरज नाही. पण काल रात्रीच्या जेवणानंतर इथे जे झालं, ते तुम्हाला फोनच्या तुमच्या टोकावरून दिसलेलं नाही, म्हणून हे एक.

गौरांगी घरी येऊन आता बरेच दिवस झाले. मनगटाचं प्लास्टर निघालं. विमानतळावर ऊर्मी तिला बिलगली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "यू स्मेल लाइक फिश." धुऊनही तो वास जाकिटातून गेलेला नाही. ती बारीक झाली आहे, उन्हाने काळवंडली आहे, आणि सकाळी उठून खिडकीपाशी उभी राहते तेव्हा समोरच्या पावसाकडे बघून खूश असते.

तुमच्याशी ती आधी फार जपून बोलत होती. तुम्हीही. होबार्टहून तिने पहिला फोन केला तेव्हा दोघं मिळून फक्त हवामानावर बोललात. पुढच्या फोनला यंत्रातल्या आकड्यांवर. मी आईंना म्हटलं, हे दोघं परिषदेला आल्यासारखे बोलतात. आई म्हणाल्या, "थांबा हो थोडं."

काल ती सोफ्यावर बसली होती, फोन स्पीकरवर. मी भांडी घासत होतो. ती सहज बोलून गेली की पुढच्या हंगामालाही जायचा विचार आहे.

तुम्ही म्हणालात, "पुन्हा? हात मोडून आलीस ना आत्ता?"

"बाबा, हात जोडला गेला."

"आणि पोरगी? पोरीला कोण बघणार?"

"तिचा बाप बघतो. उत्तम बघतो. वेण्यासुद्धा घालतो."

"ते ठीक आहे, पण आईची जागा..."

"तुम्ही किती महिने बाहेर असायचात? मी चौथीत होते, सगळा पावसाळा तुम्ही कोकणातल्या केंद्रावर! आईने कधी विचारलं तुम्हाला?"

"ती सरकारी नोकरी होती!"

"ही काय मग सहल आहे?"

आवाज चढत गेले. तुम्ही तिला हट्टी म्हणालात. ती म्हणाली, कोणावर गेले मग? तुम्ही म्हणालात, आईवर. मागून आईंचा आवाज आला, "मला मध्ये आणू नका!" ऊर्मी खोलीतून घाबरून बाहेर आली आणि तिने माझ्या शर्टाला धरून विचारलं, "आर दे फायटिंग?"

मी म्हटलं, "हो."

"इज इट बॅड?"

बाबा, मी नळ बंद केला आणि ऐकत उभा राहिलो. माझ्या बायकोला मी नऊ वर्षांत असं भांडताना पाहिलेलं नाही. माझ्याशी ती मुद्देसूद भांडते. काल तिच्याकडे एकही धड मुद्दा नव्हता. पाय आपटत होती. चौथीतली मुलगी दिसत होती ती.

मी ऊर्मीला म्हटलं, "नाही गं, बॅड नाही."

मग तुमच्या बाजूने फोन तुटला. तुम्ही ठेवलात की लाइन गेली, ते अजून कळलेलं नाही. गौरांगी तरातरा स्वयंपाकघरात आली, चेहरा लाल, पाण्याचा ग्लास एका दमात संपवला, आणि म्हणाली, "माझं बोलणं अर्धंच राहिलं."

तिचं म्हणणं, उरलेलं फोनवर होणार नाही. मे महिन्यात इथे छान ऊन असतं. आई तयार आहेत, मी त्यांना विचारलं. तिकिटं मी बघतो. तुम्ही फक्त या, आणि ते भांडण पुरं करा.

तुमचा,
हर्षवर्धन